देव उंच आणि रशिया लांब : सर्बिया-रशिया नात्याबद्दल

सावाकाठ (धागाकर्ती)

बेलग्रेडमध्ये ताश्मायदान नावाची बाग आहे. माझ्या ऑफिसच्या वाटेवर पडायची, म्हणून तीन वर्षं रोज संध्याकाळी मी तिच्यातून चालत घरी यायचे. बागेच्या एका कडेला सर्बियाच्या सरकारी दूरचित्रवाणीची इमारत आहे. २३ एप्रिल १९९९ च्या पहाटे नाटोच्या क्षेपणास्त्राने ती फोडली. रात्रपाळीचे १६ कर्मचारी गेले. तिथे आता एक दगड उभा आहे. त्यावर ती १६ नावं आणि एकच शब्द कोरलाय, 'झाश्तो?'. म्हणजे 'कशासाठी?'. दगडापासून थोड्या पावलांवर एक छोटं रशियन चर्च आहे. क्रांतीनंतर देश सोडून आलेल्या रशियनांनी ते १९२४ साली बांधलं. बोल्शेविकांशी लढलेल्या जनरल व्रांगेलची कबर आतच आहे. त्या पहाटेच्या हादऱ्याने या चर्चचंही बरंच नुकसान झालं होतं.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई वयाने माझ्या धाकट्या मावशीएवढी. १९९९ मध्ये ७८ दिवस बाँब पडत होते तेव्हा तिची मुलगी सहा महिन्यांची होती, रात्री तिला कुशीत घेऊन तळघरात बसायची. एकदा डबा खाताना मी तिला सरळ विचारलं, तेव्हा रशियाने तुम्हाला काय मदत केली? ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग त्यांच्याकडची एक जुनी म्हण म्हणाली, "बोग ये विसोको, आ रूसिया दालेको." देव उंच आणि रशिया लांब. आणि त्याच दमात पुढे म्हणाली, "पण दुसरं आहे कोण आम्हाला?"

या दोन वाक्यांमुळे हा धागा काढतेय. आपल्याकडे सर्बियाचा विषय निघाला की दोनच गोष्टी ऐकू येतात. एक तर 'दोघं स्लाव, दोघं ऑर्थोडॉक्स, रक्ताचं नातं', नाहीतर 'सर्बिया म्हणजे रशियाच्या हातातलं बाहुलं'. तिथे राहून, तिथल्या लोकांशी बोलून आणि जमेल तेवढं वाचून माझं मत वेगळं झालंय. लोकांच्या मनातली माया खरी आहे, तिच्यावर शंका घ्यायचं कारण नाही. पण सरकारांच्या पातळीवर प्रत्येक वेळी पीटर्सबर्गने (रशियाची जुनी राजधानी) किंवा मॉस्कोने आपला हिशेब आधी पाहिला. आणि सर्बियाच्या जाणत्या नेत्यांना हे दोनशे वर्षांपासून पक्कं ठाऊक आहे. ही माया आणि तो हिशेब यांच्या मधल्या जागेतच त्यांची मुत्सद्देगिरी चालते.

मला स्वतःला सगळ्यात बोलका वाटतो तो १८७६ ते १८७८ चा काळ, म्हणून तिथूनच सुरुवात करते. १८७६ च्या उन्हाळ्यात सर्बियाने तुर्कस्तानाविरुद्ध युद्ध पुकारलं. त्यांच्या मुख्य सैन्याचा सेनापती कोण, तर मिखाईल चेर्नायेव, १८६५ साली ताश्कंद जिंकणारा रशियन जनरल. आपल्या सरकारची इच्छा नसताना तो बेलग्रेडला आला आणि त्याच्यामागे हजारो रशियन स्वयंसेवक आले. रशियाभर चर्चमधून, वर्तमानपत्रांमधून वर्गणी गोळा होत होती. टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कारेनिना'च्या शेवटी व्ह्रोन्स्की ज्या युद्धाला निघतो ते हेच.

बेलग्रेडहून निशला जाताना अलेक्सिनात्स गावाजवळ आद्रोवात्स नावाचं खेडं लागतं. एका रविवारी मैत्रिणीच्या गाडीतून आम्ही मुद्दाम तिकडे वळलो. कर्नल निकोलाय रायेव्स्की तिथे लढताना पडला, त्याच्या स्मरणार्थ १९०३ साली चर्च बांधलंय. नेपोलियनशी लढलेल्या प्रसिद्ध जनरल रायेव्स्कीचा हा नातू. व्ह्रोन्स्की याच्यावरूनच घेतलाय असं गावातले लोक अभिमानाने सांगतात. आजूबाजूला मका, दुपारची वेळ, चिटपाखरू नाही. चर्चची किल्ली एका आजीबाईंकडे होती. त्यांनी दार उघडून दिलं, पदराने हात पुसावेत तसे एप्रनला पुसले आणि "आमच्यासाठी मेला हो तो" एवढंच म्हणाल्या. एकशे चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाबद्दल त्या बोलत होत्या, पण स्वर कालपरवा गेलेल्याबद्दल असतो तसा.

आता सरकारी बाजू पाहा. त्या युद्धात सर्बिया हरला. ऑक्टोबरअखेर जुनिसला फळी फुटली तेव्हा रशियाने तुर्कांना ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता धाडून बेलग्रेड वाचवलं, हे खरंच. पुढच्या वर्षी रशिया स्वतः युद्धात उतरला आणि जिंकला. मग ३ मार्च १८७८ ला सान स्तेफानोचा तह झाला, त्यात रशियाने नकाशावर भलामोठा बल्गेरिया आखला. सर्बांनी ज्या भूमीवर आशा ठेवली होती, तिच्यातलाही भाग बल्गेरियाला गेला, कारण तिथून इस्तंबूल जवळ. सर्बियाचा प्रतिनिधी योवान रिस्तिच बर्लिनच्या परिषदेत गेला तेव्हा रशियनांनीच त्याला सांगितलं, तुमचं काय ते ऑस्ट्रियाशी बोलून घ्या. तो गेला, ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री आंद्राशीला भेटला, रेल्वेचा आणि व्यापाराचा करार लिहून दिला आणि त्या बदल्यात ऑस्ट्रियाचा पाठिंबा मिळवला. सर्बियाच्या स्वातंत्र्यावर बर्लिनमध्ये शिक्कामोर्तब झालं, निश मिळालं, पण ते व्हिएन्नाचा हात धरून. १८८१ ला तर प्रिन्स मिलानने ऑस्ट्रियाशी गुप्त करार केला, त्यांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाशी तह करणार नाही असा.

म्हणजे आद्रोवात्सच्या त्या आजी चूक नाहीत आणि रिस्तिचही चूक नाही. तुम्हाला काय वाटतं ते वाचायला आवडेल. विशेषतः १८०४ च्या उठावाबद्दल कोणी जाणकार असतील तर लिहा.

जुनीपाने

ताई, सुंदर लिहिलंय. १८०४ बद्दल मी लिहितो, तो माझा आवडता काळ आहे.

फेब्रुवारी १८०४ मध्ये बेलग्रेड परिसरातल्या 'दाही' म्हणवणाऱ्या बंडखोर जानिसारींनी (तुर्की सैनिक सरदारांनी) सर्ब पुढाऱ्यांची कत्तल केली. त्यात आलेक्सा नेनादोविचचा वाल्येवोला शिरच्छेद झाला. त्याचा मुलगा मातेया हा धर्मगुरू होता, म्हणून त्याला 'प्रोता मातेया' म्हणतात. कत्तलीनंतर काराजॉर्जेच्या नेतृत्वाखाली उठाव पेटला आणि त्याच वर्षी शरद ऋतूत या प्रोताला दोन साथीदारांसह रशियाला पाठवलं. विचार करा, तिशीही न गाठलेला खेड्यातला पाद्री, बाप मारला गेलेला, होडीत बसून डॅन्यूबवरून लपतछपत निघाला आणि पीटर्सबर्गला पोहोचला. आठवणी त्याने स्वतः लिहून ठेवल्या आहेत. रशिया कधी पाहिलेला नव्हता, पण तिकडून मदत येईल यावर या लोकांची श्रद्धा होती.

तिथे परराष्ट्रमंत्री चार्तोरिस्की भेटला. त्याच्या उत्तराचा मथितार्थ असा, की तुमचा देश फार लांब आहे आणि तुर्कांशी सध्या आमची मैत्री आहे, तेव्हा तुम्ही आधी सुलतानाकडेच अर्ज करा, आमचा वकील (राजदूत) तिथे तुमच्यासाठी शब्द टाकेल. पैशाची थोडी मदतही मिळाली. सर्बियाचं पहिलं परराष्ट्र धोरण जन्मलं ते या भेटीत, असं मी मानतो.

दोन वर्षांनी रशिया-तुर्कस्तान युद्ध सुरू झालं आणि एकदम सर्ब लोक रशियाला जवळचे झाले. रशियन तुकड्या त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढल्या. मग १८१२ उजाडलं. नेपोलियन सरहद्दीवर आला, तेव्हा रशियाने घाईने मे महिन्यात बुखारेस्टचा तह केला. त्यातलं आठवं कलम सर्बांबद्दल होतं. त्यांना माफी, अंतर्गत कारभार त्यांच्याकडे, पण किल्ले तुर्कांना परत. रशियन फौज निघून गेली. १८१३ च्या ऑक्टोबरपर्यंत तुर्कांनी सगळा सर्बिया पुन्हा ताब्यात घेतला होता आणि काराजॉर्जे नदी ओलांडून ऑस्ट्रियात पळाला होता.

पण त्याच आठव्या कलमाचा पुढे उपयोग झाला, हे विसरू नये. १८१५ चा दुसरा उठाव करणारा मिलोश ओब्रेनोविच फार धोरणी होता. त्याने तुर्कांशी गोडीगुलाबीने घेतलं आणि मागे रशियाचं ते कलम ठेवलं. १८२६ चा अक्केरमानचा करार आणि १८२९ चा एदिर्नेचा तह या दोन्हींत रशियाने सर्बांच्या हक्कांचा विषय लावून धरला, आणि १८३० मध्ये सुलतानाच्या फर्मानाने सर्बियाला स्वायत्तता मिळाली. म्हणजे ज्या कागदावर विसंबून माणसं मेली, त्याच कागदाने पुढच्या पिढीला राज्य दिलं.

रानवाट

वाचतेय. दोघांनीही लिहीत राहा. प्रोता मातेयाबद्दल पहिल्यांदाच ऐकलं.

खडूफळा

एक शंका. धर्म एक, लिपी जवळपास एक, हे सगळं मूळचंच की नंतर घडवलेलं? शाळेत शिकवताना मुलं विचारतात, स्लाव तर पोलंडचेही आहेत, मग त्यांचं रशियाशी असं का नाही?

सावाकाठ

खडूफळा, फार चांगला प्रश्न. धर्म जुना आहे. सर्ब चर्चचा संस्थापक संत सावा राजपुत्र होता. तो घरातून पळून अ‍ॅथोस पर्वतावर गेला आणि तिथल्या रशियन मठात त्याने दीक्षा घेतली, अशी परंपरा आहे. पोलंड कॅथलिक, म्हणून तिथे हा धागाच नाही. उलट रशियाने त्यांचा देशच वाटून घेतला, त्यामुळे तिथली आठवण अगदी वेगळी आहे.

पण बरंचसं अठराव्या शतकात घडलं. ऑस्ट्रियाच्या राज्यात राहणाऱ्या सर्बांना कॅथलिक होण्याची भीती वाटत होती. त्यांच्या धर्मप्रमुखांनी झारकडे शिक्षक आणि पुस्तकं मागितली. १७२६ मध्ये माक्सिम सुवोरोव नावाचा शिक्षक पुस्तकं घेऊन स्रेम्स्की कार्लोव्त्सीला आला. तेव्हापासून सर्बांची लिहायची भाषा रशियन चर्चच्या भाषेकडे इतकी झुकली की बोलीत आणि लिखाणात मोठं अंतर पडलं. ते अंतर मोडून बोलीला मान दिला तो पुढच्या शतकात भाषासुधारक वुक कारादजिचने. म्हणजे आधुनिक सर्बियन भाषा रशियन वळणापासून बाजूला होत घडली, हेही ध्यानात ठेवायला हवं.

आणखी एक. १७५० च्या दशकात हजारो सर्ब सैनिक कुटुंबकबिल्यासह रशियाच्या दक्षिण सरहद्दीवर वसायला गेले. त्या वसाहतींची नावं होती 'नवा सर्बिया' आणि 'स्लाव्ह्यानोसर्बिया'. दोन्ही आजच्या युक्रेनमध्ये येतात. लुहान्स्क प्रांतात स्लाव्ह्यानोसेर्ब्स्क नावाचं गाव अजून आहे. बातम्यांत ते नाव ऐकलं की मला पोटात कालवतं.

तोफखाना

धागाकर्तीशी आदराने असहमत. १९१४ मध्ये काय हिशेब होता? ऑस्ट्रियाने सर्बियाला खलिता दिला, झार निकोलस उभा राहिला, युद्धात गेला आणि त्यात राज्यही गेलं, बायकामुलांसह जीवही गेला. यापेक्षा मोठी किंमत कुठल्या भावाने मोजली आहे? बेलग्रेडच्या नव्या स्मशानभूमीत झार आणि वीस लाख रशियन सैनिकांच्या नावे स्मारक आहे. २०१४ मध्ये शहराच्या मध्यभागी झारचा पुतळाही बसवला. लोक उगाच बसवतात का?

सावाकाठ

तोफखाना, त्या स्मशानभूमीत मी गेले आहे. त्या स्मारकापाशी मीही हात जोडले. लोकांच्या कृतज्ञतेबद्दल तुमचं बरोबरच आहे.

पण १९१४ आधी १९०९ पाहू. ऑस्ट्रियाने ऑक्टोबर १९०८ मध्ये बोस्निया गिळला. बेलग्रेडमध्ये लोक रस्त्यावर उतरले, रशिया काहीतरी करेल या आशेवर. पण जपानकडून मार खाऊन रशियाला चारच वर्षं झाली होती. मार्च १९०९ मध्ये जर्मनीने दम भरताच रशियाने माघार घेतली आणि सर्बियालाही मान तुकवायला लावली. १९१४ मध्ये झार उभा राहिला, त्यात सर्बियाबद्दलचं प्रेम होतं, पण 'या वेळी माघार घेतली तर महासत्ता म्हणून आपल्याला कोण विचारेल' ही १९०९ ची जखमही होती. एक कारण दुसऱ्याला खोटं ठरवत नाही.

त्या जुलैमधल्या तारा वाचण्यासारख्या आहेत. २३ जुलैला खलिता आला, ४८ तासांची मुदत. युवराज अलेक्झांडरने झारला तार केली की आम्ही एकटे टिकाव धरू शकत नाही. २७ जुलैला झारचं उत्तर निघालं. त्यात पहिल्यांदा सांगितलंय की रक्तपात टळण्याची जराही आशा असेल तोवर त्यासाठीच झटायला हवं, आणि तरीही यश आलं नाही तर सर्बियाच्या नशिबाबद्दल रशिया उदासीन राहणार नाही. सर्बियाने खलित्याला जे उत्तर दिलं तेही आश्चर्य वाटावं इतकं नमतं होतं, जवळजवळ सगळ्या अटी मान्य. त्यांना फक्त पाठबळ हवं होतं, बेफिकिरी नाही. तरी २८ जुलैला ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलंच.

जुनीपाने

यात हार्टविगचं नाव यायलाच हवं. निकोलाय हार्टविग, १९०९ पासून बेलग्रेडमधला रशियाचा वकील. पंतप्रधान पाशिच त्याच्या सल्ल्याशिवाय पाऊल टाकत नाही, असं तेव्हा उघड बोललं जाई. १९१२ मध्ये सर्बिया आणि बल्गेरिया एकत्र आले आणि बाल्कन संघ उभा राहिला, त्यात त्याचा मोठा हात होता. कितीदा तो पीटर्सबर्गपेक्षाही चार पावलं पुढे असायचा. सारायेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाल्यावर, १० जुलै १९१४ ला संध्याकाळी तो ऑस्ट्रियाचा वकील बॅरन गीझल याच्या घरी गैरसमज दूर करायला गेला आणि बोलता बोलता तिथेच हृदय बंद पडून कोसळला. विष घातलं अशी अफवा गावभर पसरली. घरच्यांच्या संमतीने त्याला बेलग्रेडमध्येच पुरलं आणि अंत्ययात्रेला सगळं शहर लोटलं. खलिता आला त्याच्या दोन आठवडे आधी सर्बियाने आपला सगळ्यात वजनदार रशियन मित्र गमावला. तो असता तर काय झालं असतं, हा विचार मी अनेकदा करतो.

निळीशाई

मधला काळ कोणी सांगेल का? टिटो आणि स्टालिन?

सावाकाठ

थोडक्यात सांगते, कारण टिटोचा युगोस्लाव्हिया म्हणजे केवळ सर्बिया नव्हे.

क्रांतीनंतर उलटी गंगा वाहिली. आता रशियन लोक सर्बांच्या आश्रयाला आले. सैनिक, प्राध्यापक, डॉक्टर, नर्तिका, वास्तुविशारद. क्राइमियातला लिवादिया राजवाडा बांधणारा निकोलाय क्रास्नोव बेलग्रेडमध्ये सरकारी नोकरीत लागला. आज सर्बियाचं सरकार ज्या इमारतीत बसतं ती त्याचीच. देशाबाहेर गेलेल्या रशियन चर्चचं मुख्य ठाणं स्रेम्स्की कार्लोव्त्सीला होतं. युगोस्लाव्हियाच्या राज्याने सोव्हिएत संघाला मान्यता दिली ती थेट जून १९४० मध्ये.

आणि मग एप्रिल १९४१. मॉस्कोत रात्री उशिरा मैत्री करारावर सह्या झाल्या आणि उजाडताना, ६ तारखेला, हिटलरची विमानं बेलग्रेडवर आली. महिनाभरात, मे महिन्यात, त्याच स्टालिनने युगोस्लाव्हियाच्या वकिलातीला गाशा गुंडाळायला सांगितलं, कारण जर्मनीला दुखवायचं नव्हतं. पण २० ऑक्टोबर १९४४ ला बेलग्रेड सुटलं ते लाल सेना आणि टिटोचे पार्टिझान (गनिमी सैनिक) यांनी मिळून सोडवलं, आणि त्यात गेलेल्या रशियन पोरांच्या कबरींवर आजही फुलं असतात. पुढे २८ जून १९४८ ला टिटोच्या पक्षाला कॉमिन्फॉर्म या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेतून काढलं आणि स्टालिनचं नाव घेणाऱ्यांना टिटोने गोली ओतोक बेटावर डांबलं. १९५५ मध्ये ख्रुश्चेव स्वतः बेलग्रेडच्या विमानतळावर उतरून दिलगिरीचं बोलला.

मांडवीकाठ

मी म्हापशाचा. यात मला आपलं एक नातं दिसतं, म्हणून लिहितो.

सप्टेंबर १९६१ मध्ये अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद बेलग्रेडला झाली, नेहरू होते. त्याच डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत ठराव आला, की युद्ध थांबवा आणि भारताने फौज मागे घ्यावी. सात मतं ठरावाच्या बाजूने पडली. सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला म्हणून तो पडला. माझे आजोबा ही गोष्ट शेवटपर्यंत सांगायचे. रशिया कुठे आहे हे नकाशात दाखवता आलं नसतं त्यांना, पण तो एक हात वर झाला हे त्यांना पाठ होतं. त्यामुळे सर्ब माणूस रशियाच्या नकाराधिकाराबद्दल एवढ्या जिव्हाळ्याने का बोलतो, ते मला आतून कळतं.

सर्बियाचा हा अनुभव मात्र सरळ नाही. ३० मे १९९२ ला बोस्नियातल्या युद्धावरून युगोस्लाव्हियावर निर्बंध लादणाऱ्या ठरावाला रशियाने पाठिंबाच दिला होता. येल्त्सिनला तेव्हा पाश्चात्त्यांची गरज होती. १९९९ मध्ये सर्बियाच्या कोसोव्हो प्रांतावरून नाटोचा हल्ला सुरू होणार हे कळलं तेव्हा रशियाचे पंतप्रधान प्रिमाकोव वॉशिंग्टनला निघाले होते, त्यांनी अटलांटिकवरून विमान माघारी फिरवलं. २६ मार्चला बाँबफेक थांबवण्याचा ठराव आला. रशियाबरोबर बेलारूस आणि आपला भारतही त्याचा प्रस्तावक होता. बाजूने तीन मतं, रशिया, चीन, नामिबिया. विरोधात बारा. झालं. लढाऊ मदत काही आली नाही. शेवटी ३ जूनला राष्ट्राध्यक्ष मिलोशेविचने अटी मान्य केल्या, त्या पटवायला फिनलंडच्या अहतीसारींबरोबर रशियाचे चेर्नोमिर्दिनच गेले होते.

आणि तरी १२ जूनची पहाट बघा. बोस्नियातल्या शांतिसेनेतले दोनेकशे रशियन सैनिक रातोरात निघाले आणि नाटोच्या आधी कोसोव्होच्या राजधानीच्या, प्रिश्टिनाच्या, विमानतळावर पोहोचले. सर्ब लोकांनी त्यांच्या गाड्यांवर फुलं टाकली. वाटलं, आले एकदाचे! पण हंगेरी, रोमेनिया, बल्गेरियाने रशियन विमानांना हवाई वाट दिली नाही, कुमक आलीच नाही, आणि त्या शिपायांना पाणीसुद्धा ब्रिटिशांकडून घ्यावं लागलं. २००३ मध्ये उरलेले रशियन कोसोव्होतून निघून गेले.

निळीशाई

मांडवीकाठ, तुमचं सगळं पटलं, पण नकाराधिकाराची दुसरी बाजूही इथे लिहिली जावी असं मला मनापासून वाटतं. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात बोस्नियन सर्ब सैन्याने आठ हजारांहून जास्त बोस्नियाक पुरुष आणि मुलं मारली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये त्याला वंशसंहार म्हटलं. वीस वर्षं झाली तेव्हा, ८ जुलै २०१५ ला, सुरक्षा परिषदेत त्याचा तसा उल्लेख करणारा ठराव आला आणि रशियाने तो अडवला. बेलग्रेडच्या सरकारने आभार मानले. ज्या आयांना मुलांची हाडंसुद्धा तुकड्यांनी मिळाली, त्यांच्या दारातून हा वर झालेला हात कसा दिसला असेल? गोव्याच्या आजोबांना जो हात आधार वाटला, तोच हात.

मांडवीकाठ

निळीशाई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मी ते टाळलं होतं, टाळायला नको होतं.

माहुलरोड

मी चेंबूरकडच्या रिफायनरीत एकतीस वर्षं काढली, त्यामुळे तेलाच्या बाजूने लिहितो. राजकारणाचा हिशेब कळायचा असेल तर पाइपलाइन बघावी.

१७ फेब्रुवारी २००८ ला कोसोव्होने सर्बियाला मान्य नसलेलं स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि सुरक्षा परिषदेत सर्बियाची भिस्त रशियाच्या नकाराधिकारावर. त्याच्या आदल्याच महिन्यात, २५ जानेवारीला, सर्बियाने मॉस्कोत ऊर्जा करार केला आणि डिसेंबरात त्यांची सरकारी तेल कंपनी 'निस', तिचा ५१ टक्के हिस्सा रशियाच्या गाझप्रोम नेफ्तला ४० कोटी युरोंना विकला. किंमत फार कमी आहे अशी ओरड त्यांच्याच मंत्रिमंडळात झाली होती. बदल्यात 'साउथ स्ट्रीम' ही मोठी गॅसवाहिनी सर्बियातून जाणार होती. २०१४ च्या डिसेंबरात पुतिननी ती रद्दच केली. गॅस शेवटी तुर्कस्तान-बल्गेरियामार्गे दुसऱ्या वाहिनीने २०२१ पासून यायला लागला. नकाराधिकाराची किंमत म्हणून घरची कंपनी दिली, असं तिथले टीकाकार म्हणतात, आणि तारखा पाहिल्या की मलाही तसंच वाटतं.

आमच्या धंद्यातला माणूस आणखी एक गोष्ट लगेच बघेल. निसची पांचेवोची रिफायनरी रशियाच्या मालकीची, पण तिला क्रूड येतं ते क्रोएशियाच्या किनाऱ्यावरून, एड्रियाटिक पाइपलाइनने. क्रोएशिया युरोपीय संघात. म्हणजे मालक रशियात आणि व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या हातात. २०२२ च्या अखेरीस युरोपीय निर्बंध आले तेव्हा त्या नळीतून रशियन क्रूड यायचं बंद झालं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने निसवरच निर्बंध जाहीर केले, पुढे ढकलत ढकलत ऑक्टोबरात ते लागू झाले. गावातला एकच पंप सावकाराकडे गहाण टाकावा तशी गत आहे.

सावाकाठ

माहुलरोड काका, हे मला इतकं नीट कळलं नव्हतं. आभार. आता २०२२ बद्दल लिहिते, कारण मी तेव्हा तिथेच होते.

युद्ध सुरू झाल्यावर बेलग्रेडमध्ये रशियाच्या बाजूचे मोर्चे निघाले आणि थोड्याच दिवसांत युद्ध सोडून पळालेल्या रशियन तरुणांनी शहर भरून गेलं. माझ्या जिन्यातच तीन कुटुंबं आली. भाडी दुप्पट झाली. १९२० सारखंच पुन्हा, असं घरमालकीण म्हणायची. सरकारने काय केलं? २ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावाला १४१ देशांनी मत दिलं, त्यात सर्बिया होता. भारत तटस्थ होता. म्हणजे तो 'धाकटा भाऊ' आपल्यापेक्षा रशियाविरुद्ध पुढे गेला. आणि त्याच सर्बियाने निर्बंध मात्र एकही लावला नाही, मॉस्कोची विमानं चालू ठेवली, मे महिन्यात तीन वर्षांचा स्वस्त गॅस पदरात पाडून घेतला. पुढे सर्बियन दारूगोळा तिसऱ्या देशांमार्फत युक्रेनला पोहोचल्याच्या बातम्या आल्या आणि मे २०२५ मध्ये रशियाच्या गुप्तहेर खात्याने त्यावर उघड संताप व्यक्त केला. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष वुचिच विजयदिनाला मॉस्कोत हजर होते.

याला कोणी दोन दगडांवर पाय म्हणेल. पण मुळाशी एक खरी अडचण आहे. सर्बियाचा सगळा दावा 'देशाच्या सीमा बळाने बदलता येत नाहीत' यावर उभा आहे. म्हणून तो क्राइमिया रशियाचा आहे असं मान्य करत नाही, आणि युक्रेननेही कोसोव्होला मान्यता दिलेली नाही. उलट पुतिननी १८ मार्च २०१४ च्या भाषणात क्राइमियासाठी कोसोव्होचाच दाखला दिला. एप्रिल २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस भेटले तेव्हा पुन्हा तेच. जो देश सुरक्षा परिषदेत तुमचा कोसोव्हो राखतो, तोच बाहेर येऊन म्हणतो की कोसोव्होने दार उघडून दिलं. त्या दिवशी ऑफिसात कोणी फारसं बोललं नाही.

तोफखाना

हे शेवटचं मला माहीत नव्हतं. माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही, पण २००८ नंतरचं वेगळं धरायला हवं, हे कबूल. तुमच्या त्या सहकारी बाई आता काय म्हणतात?

सावाकाठ

तोफखाना, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्रीच तिला मेसेज केला. सकाळी उत्तर आलं. मुलगी आता नोकरीला लागली आहे, व्हिएन्नाला. ऑक्टोबरात निर्बंध लागू झाले तेव्हा पंपावर तिचं नेहमीचं कार्ड चाललं नाही, मागे रांग लागलेली. रोख काढायला तिला रस्ता ओलांडून जावं लागलं. तेव्हापासून पाकिटात नोटा ठेवूनच निघते. आणि खाली विचारलंय, "तुमच्याकडे रशियाचं तेल अजून येतं का?"